छातींतलें घड्याळ

आमच्या माजघराच्या भिंतीवर एक जुनें लंबकाचें घड्याळ आहे. माझ्या वडिलांनीं तें आपल्या नोकरीच्या पहिल्या वर्षीं शिलकींत पडलेल्या पैशांतून विकत घेतलें. त्याची तबकडी आतां पिंवळी पडली आहे, सहाच्या आंकड्याजवळ एक बारीक चीर गेली आहे, आणि आठवड्यास चार मिनिटें मागें पडण्याची त्याची जुनी खोड अद्याप गेलेली नाहीं. मोबाईलच्या या दिवसांत वेळ पाहण्यासाठीं त्याच्याकडे कोणी मान वर करीत नाहीं. तरीहि दर रविवारीं सकाळीं सात वाजतां मी स्टुलावर चढतों, काचेची झडप उघडतों आणि त्याला किल्ली देतों. हें काम पूर्वीं माझे वडील करीत. मीं तें अंगावर घेतलें त्याला फार वर्षें झालेलीं नाहींत. आणि तें मीं कां घेतलें हेंच आज सांगावयाचें आहे.

घरांत वडिलांना सर्वजण अण्णा म्हणत. अण्णा पोस्टांत हिशेबनीस होते, आणि त्या घड्याळावर त्यांचें जितकें प्रेम होतें तितकें मनुष्यांपैकीं फार थोड्यांवर असावें, असें मला लहानपणीं वाटे. पहांटे साडेचारला ते उठत. पर्वतीच्या पायऱ्या चढून सहाच्या आंत घरीं परत येत. मग स्नान, पूजा, साडेनवाला जेवण. सायंकाळीं सहाला चहा, साडेसातला दुसरें जेवण, आणि सवानऊच्या ठोक्याला अंथरूण! दिवाळी आली म्हणून या क्रमांत कधीं खंड पडला नाहीं, कीं घरीं पाहुणे आले म्हणून पडला नाहीं. माझ्या मुंजीच्या दिवशीं रात्रीं मंडपांत गप्पांना रंग भरला असतां अण्णा सवानऊला उठले आणि “चालूं द्या तुमचें” असें म्हणून निजावयास निघून गेले, ही गोष्ट आमच्या नातलगांत अजून सांगितली जाते.

अशा बापाचा मुलगा बहुधा निशाचर निघतो. मी तसाच निघालों. १९८६ सालीं मला एका दैनिकांत उपसंपादकाची जागा मिळाली, आणि थोड्याच दिवसांत मीं रात्रपाळी मागून घेतली. बाकीचे लोक ती टाळण्यासाठीं कारणें शोधीत. मला ती आवडे. टेलिप्रिंटरची खडखड, चहाचे पेले, पहिल्या पानाची घाई, आणि सर्व शहर निजलें असतां उद्यां त्यानें काय वाचावें हें आपण ठरवीत आहों हा अहंकार, या सर्वांची मिळून एक नशा असे. अडीचच्या सुमारास छपाईचें यंत्र सुरू झालें कीं ओल्या शाईचा पहिला अंक हातांत घेऊन मी स्कूटरवरून घरीं निघें. तीन वाजतां दाराची कडी वाजे. मग जेवण, मग झोंप. आणि उठावयास दहा वाजत. असें मीं सत्तावीस वर्षें केलें.

अण्णांनीं मला उपदेश असा कधीं केला नाहीं. एकदांच, एका रविवारीं मी भर दुपारीं बारा वाजतां दांत घाशीत असतां, ते आपल्या हिशेबी भाषेंत म्हणाले, “रात्र तुला जमेला दिसते आहे, पण ती नांवें पडते आहे, बरें का.” मी हंसलों. रात्रीं जागणाऱ्या मनुष्याची बुद्धि अधिक तल्लख असते असें त्या वेळीं माझें ठाम मत होतें, आणि तें मत मीं बहुधा रात्रीं दोन वाजतांच बनविलें असावें.

१९८९ सालच्या मार्गशीर्षांत एका गुरुवारीं सकाळीं, साडेसातच्या सुमारास, पूजा आटोपून सहाण जागेवर ठेवीत असतां अण्णांनीं छातीवर हात धरला आणि ते भिंतीस टेकून खालीं बसले. निवृत्त होऊन त्यांना पुरतें वर्षहि झालें नव्हतें. आईच्या हांकेनें मी जागा झालों तेव्हां माझे डोळे नीट उघडेनात. मला झोंप लागून जेमतेम चार तास झाले होते. डॉक्टर येईपर्यंत सर्व संपलें होतें. रविवारीं अण्णांनीं दिलेल्या किल्लीवर तें घड्याळ आणखी चार दिवस चालत राहिलें. सुतकाच्या गडबडींत त्याची आठवण कोणास राहिली नाहीं. आणि सोमवारीं रात्रीं केव्हां तरी तें थांबलें.

त्या दिवसांत मीं मनाशीं एक सिद्धान्त पक्का केला. ज्या मनुष्यानें आयुष्यांत एकहि दिवस उशिरां जेवण केलें नाहीं, तो जर असा अवेळीं जातो, तर मग या नियमितपणाचा उपयोग काय? माझ्या दृष्टीनें वादाचा निकाल लागला होता. मेलेल्या मनुष्याशीं वाद जिंकण्याइतकें सोपें दुसरें कांहींच नसतें, हें कळावयास मला पुढें चोवीस वर्षें लागलीं.

२०१३ सालच्या डिसेंबरांत बँकेच्या एका कामासाठीं मला सकाळीं लौकर उठावें लागलें. सवाआठ वाजले होते. सदऱ्याच्या गुंड्या लावतां लावतां छातीवर कोणी पाटा ठेवावा तसें जड वाटूं लागलें. डाव्या खांद्यांत कळ आली, आणि थंडीच्या दिवसांत अंगास दरदरून घाम सुटला. मला वाटलें, पित्त असेल. रात्रीं तीन वाजतां जेवणाऱ्या मनुष्याची पित्ताशीं जुनी ओळख असते. थोडा सोडा घेऊन पडून राहतों, असें मीं म्हटलें. परंतु माझी पत्नी पदर खोंचून उभी राहिली आणि म्हणाली, “अण्णांनाहि सकाळींच झालें होतें. पित्त असेल तर तें डॉक्टर सांगतील. चला!” तिनें शेजारच्या मुलाकडून रिक्षा आणविली. ती तशी उभी राहिली नसती तर हा निबंध लिहावयास मी उरलों नसतों. हृदयाच्या एका रक्तवाहिनींत गुठळी अडकली होती. ती काढून तेथें स्टेंट बसविण्यांत आला.

चौथ्या दिवशीं बोलण्याइतका मी सावध झालों, तेव्हां मीं डॉक्टरांस विचारलें, “सकाळींच कसें झालें हें? रात्रभर मी काम करतों, तेव्हां कांहीं होत नाहीं!” ते म्हणाले, “पुष्कळांचें सकाळींच होतें. आमच्याकडे सकाळची पाळी नेहमींच जड जाते.” पत्रकाराच्या कानावर असें वाक्य पडलें म्हणजे त्याला पुढें स्वस्थता कोठली! बरा झाल्यावर मीं या विषयावर जें हातीं लागेल तें वाचावयास सुरुवात केली. आणि भिंतीवरील घड्याळाहून फार जुन्या अशा एका घड्याळाशीं माझी ओळख झाली.

या ओळखीचा आरंभ एका लाजाळूच्या रोपापासून होतो. दिवसां पानें उघडावींत आणि रात्रीं मिटावींत हा त्या रोपाचा नेम. १७२९ सालीं फ्रान्समधील द मेराँ नांवाच्या ज्योतिःशास्त्रज्ञानें तें रोप अंधाऱ्या जागीं ठेवून पाहिलें. सूर्य दिसेनासा झाल्यावर नेम मोडेल असें कोणासहि वाटेल. परंतु अंधारांतहि तीं पानें आपल्या वेळीं उघडत आणि आपल्या वेळीं मिटत राहिलीं. म्हणजे सूर्य बाहेर होता, पण वेळ आंत होती. मनुष्याविषयीं हीच गोष्ट पुढें एका धाडसी तरुणानें स्वतःवर पाहिली. १९६२ सालीं मिशेल सीफ्र नांवाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्स पर्वतांतील एका गुहेंत घड्याळावांचून दोन महिने राहिला. १४ सप्टेंबर रोजीं त्याला बाहेर काढलें, तेव्हां त्याच्या स्वतःच्या हिशेबानें २० ऑगस्ट होता! मन पंचवीस दिवस चुकलें; परंतु शरीर चुकलें नव्हतें. त्याच्या झोंपेच्या आणि जागेपणाच्या नोंदी पाहिल्या तेव्हां त्याचा एक एक दिवस सुमारें साडेचोवीस तासांचाच भरला. दिवस मोजण्यांत मनाची जी गल्लत झाली ती शरीराची झाली नाहीं, हें वाचून मला माझ्या तल्लख बुद्धीची थोडी लाज वाटली.

हें घड्याळ चालतें कसें, याचा उलगडा पुढें एका क्षुद्र फळमाशीनें करून दिला. १९७१ सालीं कॅलिफोर्नियांत कोनोप्का आणि बेंझर या दोघांनीं असें दाखविलें, कीं या माशीच्या एकाच जनुकांत बिघाड केला तर तिचा दिवस लहान होतो, मोठा होतो, किंवा अजीबात मोडतो. तें जनुक १९८४ सालीं वेगळें काढण्यांत आलें. आणि त्याचें काम उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबाश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं वर्णिलेली रचना वाचतांना मला आपल्या लग्नमंडपांतील घटिकापात्राची आठवण झाली. बुडाशीं बारीक छिद्र असलेली ती वाटी पाण्यावर तरंगत ठेवतात. तींत हळूहळू पाणी भरतें, भरली कीं ती बुडते, आणि एक घटका झाली म्हणून ती रिकामी करून पुन्हां तरंगत सोडतात. पेशींतहि तसेंच चालतें. जनुकाच्या हुकुमानें एक प्रथिन तयार होऊं लागतें. तें सांठत सांठत पुरेसें झालें कीं तेंच परत जाऊन त्या जनुकाचें काम बंद पाडतें. मग प्रथिन झिजून नाहींसें होतें, आणि जनुक पुन्हां कामास लागतें. या एका फेऱ्यास सुमारें चोवीस तास लागतात. घटिकापात्राजवळ गुरुजी बसतात. येथें कोणीहि बसलेलें नाहीं, एवढाच काय तो फरक.

या सर्व घड्याळांचा मुख्य कारभारी मेंदूंत असतो. दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतु जेथें एकमेकांस ओलांडतात, त्याच्या किंचित् वर सुमारें वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. डोळ्यांत शिरणारा प्रकाश पाहून तो रोजच्या रोज आपली वेळ लावून घेतो. पण घड्याळ काय तें एवढेंच, असें मात्र नाहीं. यकृतास आपलें घड्याळ आहे, मूत्रपिंडास आहे, रक्तवाहिन्यांच्या भिंतींस आहे. आणि खुद्द हृदयाच्या स्नायूंतील पेशींतहि तें आहे. मिनिटास बहात्तर ठोके धरले तर दिवसाचे एक लाखावर ठोके होतात. एवढें काम करणाऱ्या नोकरास आपल्या धन्याच्या उठण्यानिजण्याची वेळ आगाऊ ठाऊक असावी, हें योग्यच नव्हे काय?

आणि ती त्याला ठाऊक असते. आपण डोळे उघडण्यापूर्वींच शरीर उठण्याची तयारी करूं लागतें. मूत्रपिंडावरील ग्रंथींतून कॉर्टिसोल हा रस पहांटे वाढूं लागतो. उठून उभें राहिल्याबरोबर अॅड्रेनॅलिनचें प्रमाण चढतें. नाडी जलद होते, रात्रीं उतरलेला रक्तदाब वर येतो. त्याच वेळीं रक्तांतील गुठळी करणाऱ्या चकत्या अधिक चिकट होतात, आणि झालेली गुठळी विरघळविण्याची शक्ति मंद असते. निरोगी मनुष्यास हा चढ जाणवतहि नाहीं. पण ज्याच्या रक्तवाहिन्या आंतून आधींच अरुंद झालेल्या असतात, त्याला तो खंडाळ्याच्या घांटासारखा असतो. सपाटीवर जुनें इंजिनहि गाडी ओढतें. त्याची परीक्षा घांटांत होते. १९८५ सालीं अमेरिकेंत डॉ. म्युलर आणि त्यांचे सहकारी यांनीं हृदयविकाराच्या झटक्यांच्या वेळा पद्धतशीर तपासल्या. सकाळीं सहापासून दुपारीं बारापर्यंत झटक्यांचें प्रमाण सर्वांत अधिक आढळलें. रात्रीं अकराच्या मानानें सकाळीं नवाच्या सुमारास तें तिप्पट होतें.

हें वाचलें त्या दिवशीं मीं कागद खालीं ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलें. अण्णा नियमितपणामुळें गेले नव्हते. नियमितपणा असूनहि गेले होते. या दोन वाक्यांतील अंतर मला चोवीस वर्षें दिसलें नव्हतें. त्यांचे वडीलहि हृदयविकारानेंच गेले होते. अण्णांना तपकिरीचें व्यसन होतें, आणि लोणच्यावांचून त्यांचें जेवण होत नसे. हयातींत एकदां तरी त्यांनीं आपला रक्तदाब मोजून घेतला होता कीं नाहीं, हें आईलाहि आठवेना. इंजिनांत दोष होता; त्यांनीं काय तो गाडीचा वेळ पाळला. तो वेळ पाळला म्हणूनच ते अठ्ठावन्न वर्षांपर्यंत पोंचले असतील, असेंहि कोणी म्हणूं शकेल. आणि तें खोटें आहे असें मी छातीठोकपणें म्हणूं शकणार नाहीं. विशेषतः छातीची साक्ष काढण्याचा अधिकार मला आतां उरलेला नाहीं.

मग माझ्या स्वतःच्या खात्याकडे वळलों. रात्रपाळी करणाऱ्यांविषयीं आजवर पुष्कळ शोध झाले आहेत. त्यांपैकीं चौतीस अभ्यास एकत्र करून, म्हणजे वीस लाखांवर माणसांची माहिती पाहून, २०१२ सालीं असा निष्कर्ष निघाला, कीं पाळ्यांनीं काम करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचें प्रमाण इतरांपेक्षां शेंकडा २३ नें अधिक असतें. कारण कळावयास अवघड नाहीं. डोळ्यांवर विजेचा प्रकाश पडत असल्यामुळें मेंदूंतील कारभारी गोंधळतो. आंतडीं आणि यकृत निजलीं असतां पोटांत भाकरी येऊन पडते. ज्या घटकेस रक्तदाबानें विसांवा घ्यावयाचा त्या घटकेस मनुष्य मथळे जुळवीत असतो. एक घड्याळ सांगतें रात्र आहे, दुसरें सांगतें दिवस आहे, आणि या भांडणांत हृदय मधल्यामध्यें ओढलें जातें. सत्तावीस वर्षें नव्हे, एका तासाची ओढाताणहि दिसून येते. स्वीडनमध्यें उन्हाळ्यासाठीं सर्व घड्याळें एक तास पुढें करतात. त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत हृदयविकाराचे झटके सुमारें शेंकडा ५ नीं वाढतात, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें.

आपल्याकडे घड्याळें अशीं मागेंपुढें करण्याची चाल आतां नाहीं. परंतु वेळेवरून भांडण्याचा इतिहास आपल्यालाहि आहे. १९०६ सालीं सर्व देशासाठीं एक प्रमाणवेळ ठरली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून ३९ मिनिटें पुढें होती. आमचा सूर्य कोणी हुकुमानें लौकर उगवूं शकत नाहीं, अशा बाण्यानें मुंबईकर आपल्या वेळेस चिकटून राहिले, आणि १९५५ पर्यंत त्या शहरांत ‘मुंबई टाईम’ टिकला. लहानपणीं ही हकीकत ऐकून मला हंसूं येई. आतां वाटतें, त्या हट्टामागें शरीराचें कांहींसें शहाणपण असावें. सरकारचें घड्याळ आगगाडीसाठीं असतें. शरीर सूर्याच्या वेळेनें चालतें.

येथपर्यंत आलों म्हणजे आमच्या मंडळींपैकीं कोणी तरी हटकून म्हणतो, “यांत नवें तें काय? आमच्या पूर्वजांना हें सर्व ठाऊक होतें!” वाग्भटाच्या ग्रंथाच्या नांवांतच ‘हृदय’ आहे आणि त्याचा दुसराच अध्याय दिनचर्येचा आहे, ही गोष्ट खरी. पण त्या नांवांतील हृदय म्हणजे सार. छातींत धडधडणारें नव्हे. पूर्वजांना जनुक ठाऊक नव्हतें. त्यांना पहांट ठाऊक होती. रामप्रहर, दिवेलागण, कातरवेळ, निजानीज — या शब्दांत प्रत्येक घटकेचा एक स्वभाव सांठविलेला आहे. दिवेलागणीला अंग थकतें, निजानीजेला घर गप्प होतें, हें त्यांनीं प्रयोगशाळेवांचून पाहिलें होतें. आम्ही मात्र विजेचें बटण दाबलें आणि तें पाहावयाचें विसरलों. त्यांचा मोठेपणा सांगण्यासाठीं याहून अधिक बोलण्याची जरूर नाहीं.

नव्या ज्ञानाच्या उत्साहांत मनुष्य थोडा वाहवतो, मीहि वाहवलों. रक्तदाबाची गोळी रात्रीं घेतली तर ती हृदयास अधिक लाभते, असें मीं कोठें तरी वाचलें, आणि डॉक्टरांशीं वाद घालूं लागलों. त्यांनीं थोडीं वर्षें थांबा असें सांगितलें. पुढें २०२२ सालीं ब्रिटनमधील एकवीस हजारांवर रुग्णांच्या चांचणीचा निकाल आला. गोळी सकाळीं घेतली काय आणि सायंकाळीं घेतली काय, झटक्यांच्या संख्येंत फरक पडला नाहीं. “तुम्हांला आठवण राहील ती वेळ धरा,” डॉक्टर म्हणाले, “आणि मग ती सोडूं नका.” अगदीं अण्णांच्या तोंडचें वाक्य!

माझी रात्रपाळी त्या आजारानें सुटली होती. पुढें मी निवृत्तहि झालों. सकाळीं उजेडांत फिरणें, रात्रीं आठाच्या आंत जेवण, दहाला दिवा मालवणें हा क्रम मीं धरला. पहिले सहा महिने अंथरुणावर पडून छताकडे पाहण्यांत गेले. पण हळूहळू झोंप रुळावर आली. अण्णांच्या घड्याळाला मीं किल्ली द्यावयास लागलों ती याच दिवसांत. आपलें खातें आपण बऱ्यापैकीं मिटविलें, अशा समाधानांत मी होतों.

२०२३ सालीं माझ्या पत्नीस वरचेवर डोकेदुखी होऊं लागली. रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनीं तिच्या दंडाला एक पट्टा बांधून दिला. तो चोवीस तास थोड्या थोड्या वेळानें आपण होऊन रक्तदाब मोजतो आणि नोंदून ठेवतो. दुसऱ्या दिवशीं त्या नोंदींची रेघ त्यांनीं आमच्यापुढें ठेवली. झोंपेंत रक्तदाब दिवसाच्या मानानें शेंकडा दहा ते वीस उतरावा असा निसर्गाचा नेम आहे. ज्यांचा तो उतरत नाहीं त्यांच्या हृदयास आणि मेंदूस धोका अधिक. तिची रेघ उतरलीच नव्हती. उलट रात्रीं तीनच्या सुमारास ती चांगलीच वर चढली होती. डॉक्टर कांहीं वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनीं तिला विचारलें, “बाई, आपण कधीं रात्रपाळी करीत होतां काय?”

ती हंसून म्हणाली, “मी कुठली करतें! हे करीत.”

डॉक्टरहि हंसले, आणि दुसरें कांहीं विचारूं लागले. मला मात्र पुढचें कांहीं ऐकूं आलें नाहीं. सत्तावीस वर्षें रोज रात्रीं तीन वाजतां मीं कडी वाजविली होती, आणि सत्तावीस वर्षांत एकदांहि मला ती दुसऱ्यांदां वाजवावी लागली नव्हती. मीं पाय धुवून येईपर्यंत ताट वाढलेलें असे. भाकरी गरम असे. दाराची किल्ली मजजवळ ठेवावी, जेवण झांकून ठेवावें, ही साधी गोष्ट मला कधीं सुचली नाहीं. आणि तिनें ती कधीं सुचविली नाहीं. मी तरी सकाळीं दहापर्यंत निजत असें. ती पुन्हां साडेपांचला उठे, कारण मुलांची शाळा होती, पाणी भरावयाचें होतें, आणि आईला चहा लागे. टेलिप्रिंटरची नशा माझी. ओल्या शाईचा पहिला अंक माझा. रात्र नांवें पडते असें अण्णा म्हणाले होते. कोणाच्या नांवें, हें त्यांना विचारण्याचें मला सुचलें नव्हतें.

मीं डॉक्टरांस नंतर एकट्यानें गांठलें आणि सरळ विचारलें. ते सज्जन मनुष्य आहेत. ते म्हणाले, “वय आहे, अनुवंश आहे, मीठ आहे, वजन आहे. एका गोष्टीवर बोट ठेवून हीच ती, असें कोणाच्याहि बाबतींत सांगतां येत नाहीं.” हें शास्त्राच्या दृष्टीनें बरोबर आहे, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहें. परंतु न्यायाधीशानें पुराव्याअभावीं सोडून दिलेल्या मनुष्यास घरीं जाऊन झोंप लागतेच असें नाहीं.

तिला औषध सुरू आहे. जेवणांतलें मीठ आम्हीं कमी केलें. रोज सकाळीं सहाला आम्ही दोघें पर्वतीकडे जातों; पायऱ्या सर्व चढत नाहीं, जेवढ्या झेपतील तेवढ्याच चढतों, आणि कोंवळें ऊन अंगावर घेऊन परततों. पण एक गोष्ट कांहीं केल्या सुटेना. कडी वाजण्याची बंद होऊन दहा वर्षें झालीं होतीं, तरी रात्रीं तीनला ती जागी होई. उठून बसे, पदर सारखा करी, अंधारांत दाराच्या दिशेनें क्षणभर पाही, आणि मग पुन्हां आडवी होई. फ्रान्समधील त्या लाजाळूच्या रोपाचा नेम अंधारांत सुटला नाहीं, तसाच हाहि सुटत नव्हता.

मला वाटलें, घड्याळाच्या टोल्यांनीं तिची झोंप मोडत असेल. घड्याळजीस बोलावून टोले बंद करून घ्यावे असें मीं ठरविलें, आणि तिला तसें सांगितलें. ती एकदम म्हणाली, “नको. टोले पडले नाहींत तर मला वाटेल, तीन अजून वाजलेच नाहींत आणि तुम्ही यावयाचे आहांत.” मीं घड्याळजीस बोलावलें नाहीं.

गेल्या चैत्रापासून मात्र थोडा फरक पडूं लागला आहे. रोजचा तोच वेळ, तोच उजेड, तेंच फिरणें, यांचा गुण असेल. किंवा औषधाचा असेल. गेल्या महिन्यांत पांच रात्री अशा गेल्या, कीं तीनचे टोले पडले आणि ती उठली नाहीं. कुशीवर होती तशीच, शांत श्वास घेत निजून राहिली.

ती निजली होती हें मला कसें कळलें, असें वाचक विचारतील. मी जागा होतों.